बोक्यामार्फत

गाडी हलेना. सायरन वाजवत आली, दारात थांबली, म्हाताऱ्याच्या बायकोला आत घेतलं, दार लावलं, आणि आता तिथंच उभी. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, दवाखान्यात न्या ना तिला! उभे काय राहिलात?"

"दवाखानाच इथं आलाय, काका," सिस्टर बायकोच्या हातात सुई सरकवत म्हणाली. "डोक्याचा फोटो काढायचाय. गाडी हलली की फोटो बिघडतो."

बायकोचं डोकं गाडीतल्याच यंत्राच्या जाडजूड कड्यात गेलं. बाकी अंग बाहेर, एकाच पायात चप्पल. तो चपलेकडेच बघत राहिला. मघाशी चेहऱ्याकडे बघवलं नव्हतं. उजवी बाजू पार ओघळली होती आणि उजवा हात लोंबत होता.

फोटो निघाला. डॉक्टरीणबाई समोरच्या पडद्यावर होत्या, लांब हॉस्पिटलात बसून सगळं बघत होत्या.

"रक्तस्राव नाही. गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन गाडीतच आहे. पण झटका येऊन फार वेळ झाला असेल, तर त्याच इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून नीट आठवून सांगा, काका. त्या तुमच्याशी शेवटचं नीट कधी बोलल्या?"

तो म्हणाला, "परवा."

सिस्टरचा हात औषधाच्या बाटलीवरच थांबला.

"परवापासून त्यांना बोलता येत नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"येतंय हो! बोलत नाहीये. अबोला आहे आमचा. मी तिच्या बहिणीला नको ते बोललो, तेव्हापासून."

"मग आज त्यांचा आवाज कुणी ऐकला? शेजारी? फोनवर कुणी?"

घरात दोघंच. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"वेळ कळल्याशिवाय मला देता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सिस्टरनं बाटली परत खोक्यात ठेवली. त्यानं तिचा हात अडवला.

"बोक्याशी बोलली!"

"कुणाशी?"

"आमच्या बोक्याशी. मांजर हो. भांडण झालं की आमचे निरोप त्याच्यामार्फत जातात. ती त्याला सांगते, मी ऐकतो." या वयात हे परक्यांना सांगायची लाज वाटत होती, पण कुणी हसलं नाही. "आज जेवणं झाल्यावर त्याला म्हणाली, 'सांग त्यांना, बाथरूमचा बल्ब उडालाय. डोळे फुटले नसतील तर बदला म्हणावं.'"

"जीभ अडखळली नाही?"

"तिची? छे!"

"आजच ना? काल नाही?"

"आजच. लगेच उठून बदलला. बोक्याला म्हटलं, 'लावला म्हणावं.' आतून उत्तर आलं नाही." त्यानं त्या एकाच चपलेकडे पाहिलं. "मला वाटलं, रुसवा चाललाय. पेपर घेऊन बसलो. अख्खा वाचला हो, डॉक्टर. आणि ती आत पडलेली."

"त्यात किती वेळ गेला?"

"तासभर. फार तर दीड."

"म्हणजे अजून वेळ आहे. सिस्टर, द्या."

औषध गेलं. गाडी निघाली. तो बायकोच्या डाव्या हाताला बसला. आपण चुकीचं तर आठवलं नाही ना, ही भीती त्याला सोडत नव्हती. बायको त्याच्याकडे एकटक बघत होती.

"बघतेय माझ्याकडे," तो आशेनं म्हणाला.

"नाही, काका," सिस्टर म्हणाली. "डोळे त्या बाजूला अडकलेत. उजवीकडे वळवता येत नाहीयेत. ते वळले की समजायचं, औषध लागू पडतंय."

म्हणजे ती बघतच नव्हती. त्यानं तिचा हात धरला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलला. "अगं, चुकलं माझं. तुझ्या बहिणीच्या पाया पडतो. शिव्या घाल, काहीही कर. अशी राहू नकोस."

ती तशीच. गाडी दोन चौक पुढे गेली. तो पुन्हापुन्हा तेच बोलत राहिला.

मग तिची बुबुळं थरथरली. हळूच त्याच्या चेहऱ्यावरून सुटली, छतावरच्या दिव्यापाशी अडखळली आणि उजवीकडे गेली. पाठोपाठ मानही वळली. तिनं त्याच्याकडे पाठच फिरवल्यासारखं भिंतीकडे तोंड केलं.

"रुसली!" म्हातारा रडत रडत ओरडला. "सिस्टर, बघा ना, रुसली!"