पंचेचाळीसची टकटक

सगळ्यात आधी पेट्रोलचा काटा हलला. झोपेतून उठल्यासारखा थरथरला आणि अर्ध्याच्या जरा वर येऊन थांबला. काकांनी लाकडी पट्टी टाकीत बुडवून वर काढली, उजेडात धरली.

"अर्धी आणि वर दोन बोटं! बरोबर सांगतोय गं हा!" ते ओरडले, आणि इतकी वर्षं पेट्रोल मोजणारी ती पट्टी त्यांनी अशी भिरकावली, की गॅरेजच्या कोपऱ्यातलं मांजर उठून बाहेर गेलं.

"बाबा, हळू बोला. आम्हाला येतं ऐकू," लेक म्हणाली.

काकांना येत नव्हतं, तिथेच तर सगळं अडलं होतं. जीपचे काटे कधीचेच मेले होते. काका वेग ओळखायचे तो इंजिनाच्या आवाजावरून, आणि आता कानच दगा देऊ लागले होते. लेकीने निक्षून सांगितलं होतं : नवे मीटर बसवा, ते बरोबर चालताहेत हे मला दाखवा, नाहीतर चावी माझ्याकडे.

"पाणी किती तापलं ते सांगणाराही चालू झाला," मिस्त्री डॅशबोर्डखालून बाहेर येत म्हणाला. त्याच्या कपाळावर काळ्या तेलाचा पट्टा उमटला होता. "आता राहिला मोठा, वेगाचा. तो गाडी पळवल्याशिवाय बोलत नाही."

"मग पळवू या की!" काका एव्हाना चढूनही बसले होते.

शेजारी काकू बसल्या, पदर घट्ट खोचून. मागे लेक आणि मिस्त्री. लेकीने फोनवर वेग दाखवणारा नकाशा लावला आणि परीक्षेच्या हॉलमधल्या बाईंसारखी ताठ बसली. जीपला दारं नव्हती, छत नव्हतं. फाटकाबाहेर पडताच वारं चारी बाजूंनी आत घुसलं.

डॅशबोर्डच्या मधोमध नवा मोठा मीटर चकाकत होता. काटा वीसवर आला. तीसवर आला. काका त्याच्याकडे, नातवाने पहिलं पाऊल टाकल्यासारखे बघत होते.

"बाबा, समोर बघा!"

काटा पन्नासवर गेला.

"बाबा, पन्नास!"

"काय?"

"पन्नास! अहो, साठ झाले! बाबा, थांबवा. चावी द्या इकडे!"

"साठ कसे होतील?" काका म्हणाले. "हिने अजून वाजवलं कुठाय?"

तेवढ्यात काकूंनी अंगठीच्या बोटाने समोरच्या पत्र्यावर दोनदा वाजवलं. टक टक.

काकांनी पाय उचलला. "हं. आत्ता झाले पंचेचाळीस."

लेकीची नजर हातातल्या फोनवर गेली. मिस्त्रीनेही मान लांब करून पाहिलं.

"पंचेचाळीसच आहेत," लेक म्हणाली.

मिस्त्रीचे कान लाल झाले. "केबल फिरवते ना, ती चक्री. वीस दातांची हवी होती. मी पंधराची बसवली. त्यामुळे हा जास्त दाखवतोय." मग तो पुढे वाकला. "काकू, तुमचा बरोबर आहे. माझा चुकला."

काकूंनी नुसतं हसून मागे पाहिलं. मुळातच त्यांचा आवाज जपाला बसल्यासारखा. उघड्या जीपमध्ये तो पोचायचा नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून ही टकटक.

"पण आई, तुला कळतं कसं?"

"पदर सुटतो," काकू म्हणाल्या. "कितीही खोचला तरी पंचेचाळीसला सुटतो."

"आणि बाबा, तुम्हाला माझं ओरडणं ऐकू येत नाही, आणि ही टकटक बरी येते?"

"काय?" काका म्हणाले.

चक्री बदलायला तासभर लागला. तोवर काका मिस्त्रीच्या डोक्याशी उभे राहून दात मोजत होते. दोनदा एकोणीस भरले, तिसऱ्यांदा वीस. पुन्हा सगळे चढले. मिस्त्री ओठ हलवत काटा वाचत होता. चाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीस. काकूंचा पदर खांद्यावरून उडाला, लेकीच्या तोंडावर फडफडला, आणि त्याच क्षणी—

टक टक.

काटा पंचेचाळीसवर होता. अगदी रेघेवर.

लेकीने पदराच्या आतूनच टाळ्या वाजवल्या. मिस्त्री "जमलं! जमलं!" करत उठून उभा राहायला लागला, त्याला तिनेच खाली ओढलं. काका एवढे हसले, की त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली.

गॅरेजमध्ये परतल्यावर लेकीने चावी काढली. काकांनी हात पुढे केला. तिने ती आईच्या हातात ठेवली.

"हरकत नाही," काका म्हणाले. "तिच्याकडची मला मिळते."

मिस्त्रीने हिरव्या रंगाचा डबा उघडला. नव्या मीटरांभोवती खरचटलेला पत्रा त्याने हलक्या हाताने रंगवला. रंगवत रंगवत तो काकूंच्या बाजूला आला. तिथे अंगठ्याएवढ्या जागेवरचा रंग पार उडाला होता आणि आतला पत्रा घासून घासून आरशासारखा चमकत होता.

"हेही झाकून टाकतो," असं म्हणत त्याने ब्रश बुडवला.

टक टक.

ब्रश जागच्या जागी थांबला.