दोरीवरचे हात

“दोरी सोड गो तुळसाकाकी! बोटां जातली!” बाळा ओरडला, आणि काकीने दोरी आणखीच घट्ट धरली.

आचऱ्याच्या किनाऱ्यावर, समुद्रात पसरलेलं रापणीचं जाळं दोरीने ओढायला यंदा यंत्र आलं होतं. तीसचाळीस माणसांचं काम एकटं इंजिन धडधडत उरकत होतं. पण माणसं थोडीच घरी बसणार? रापणीचा रिवाज असा, की दोरीला हात लागला तर मासळीत वाटा. त्यामुळे दोरी आपोआप यंत्राच्या फिरत्या ड्रमवर गुंडाळली जाई आणि माणसं तिला नुसता हात लावून वरातीत चालावं तशी सोबत चालत. कोण किती जोर लावतो हे पूर्वीही कळत नसे. आता तर प्रश्नच मिटला होता. तरणा दीपेश एका हाताने मोबाईल बघत होता, दुसऱ्याने वाटा कमावत होता.

बाळा रापणीचा पुढारी. यंत्राचा हट्टही त्याचाच. सकाळपासून त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं. दोरीत बोट अडकलं तर अख्खा हात ड्रमखाली जाणार. आणि ड्रमच्या सगळ्यांत जवळ, म्हातारी तुळसाकाकी.

शेवटी त्याने इंजिन बंद केलं. “आयका! आजपासून किनाऱ्यार इल्ल्या सगळ्यांका वाटो. दोरीक हात लायलो, तर वाटो बंद!”

दोरी क्षणात मोकळी झाली. काकी तेवढी हलली नाही.

“फुकटचो वाटो माका नको. माका काम दी.”

बाळाने कपाळावर हात मारला. मग तिला दंडाला धरून इंजिन बंद करायच्या दांड्यापाशी नेऊन उभं केलं. “ह्या तुजा काम. दोरीर हात दिसलो काय दांडो ओढ. कोणाचो तां बघू नको.”

इंजिन पुन्हा धडधडलं. दोरी धावू लागली. बाळाला हायसं वाटतंय न वाटतंय, तोच सगळं खाडकन थांबलं. जाळं अजून पाण्यात, मासळी उड्या मारून निसटतेय.

“आता कित्याक थांबयलंस?” तो खेकसला. “कोणाचो हात?”

काकीने नुसती हनुवटी उडवून त्याच्या डाव्या हाताकडे दाखवलं. दोरी ड्रमवर नीट बसावी म्हणून तो हात कधी दोरीवर गेला, बाळाला कळलंच नव्हतं. करंगळी ड्रमला टेकली होती.