एकशेबारा ग्रॅम

आत कोणतं खेळणं निघेल हे न सांगता विकले जाणारे डबे ऋषी जमवायचा, आणि डबा न फोडता आतलं खेळणं वजनावरून ओळखायचा. खेळण्यांच्या आवडत्या मालिकेतला एक डबा तो कायम सीलबंदच ठेवायचा.

रविवारी दुपारी त्याने तो खोलीतून आणून सहज आईच्या केकच्या वजनकाट्यावर ठेवला. विकत घेताना एकशेबारा ग्रॅम भरला होता. आता अठरा भरला, म्हणजे नुसत्या पुठ्ठ्याइतका. सील मात्र शाबूत होतं.

“आई, हा तू उघडला का वं?”

“मी काहून उघडू?” आई मैदा चाळत म्हणाली. “अन् तू ऑफिसात गेल्यावर तुह्या खोलीत रोज गाणं वाजते, ते बंद करून जात जा.”

ऋषी कधीच गाणं लावून जात नसे.

“आतापण वाजून राहिलं,” आई म्हणाली.

दोघंही ऐकत राहिले. मग गाणं मध्येच थांबलं, आणि काट्यावर अठराचे एकशेबारा झाले.