पाचव्या डावाचा तिसरा गडी

पाइन फोर्क कॉलेजनं बेसबॉलच्या विभागीय अजिंक्यपदाची अंतिम लढत दहा-शून्य अशी जिंकली. पण असा सामना झालाच नाही. तेव्हा पहिलं वाक्य आपण वाचलेलं नाही, असं समजून पुढे जाऊ.

पाचवा डाव सुरू झाला तेव्हा पाइन फोर्क नऊ धावांनी पुढे होतं आणि पश्चिमेला, गव्हाच्या शेतांपलीकडे, आभाळ काळंनिळं पडलं होतं. एका डावात दोन्ही संघांचे तीन-तीन गडी आउट व्हायचे, आणि असे पाच डाव पुरे झाले तरच सामना झाला. त्याआधी थांबला आणि सातच्या आत पुन्हा सुरू झाला नाही, तर झालाच नाही. आणि अंतिम सामना झालाच नाही, तर चषक साखळीत पहिल्या आलेल्या संघाला. म्हणजे सेंट ओडोला. म्हणजे नऊ धावांनी मार खाणाऱ्यांना.

"पोरांनो, पटापट आउट व्हा," कोच हॅनिगन म्हणाले. "चेंडू कुठंही येऊ दे, बॅट फिरवा. माशी आली तरी फिरवा."

पहिल्यानं हातभर लांबून गेलेल्या तीन चेंडूंवर इमानदारीत बॅट फिरवली. तीन हुकले की आउट. तेवढ्यात सेंट ओडोच्या पिचरची ट्यूब पेटली. त्यानं पुढच्या बॅटरच्या पाठीतच चेंडू घातला. अंगाला चेंडू लागला की पहिला बेस फुकट. बॅटर तिथं गेला आणि बेस सोडून सरळ चालत सुटला. कुणी येऊन अंगाला चेंडू टेकवला की हा आउट. पण टेकवतंय कोण!

"टेकव की!"

"नाही टेकवणार, जा."

"अरे, असा समोर उभा आहे ना मी!"

"मग पुढे हो ना. दिवस तुझा आहे."

असं भांडत भांडत तो सगळे बेस फिरून घरी, म्हणजे बॅटिंगच्या जागी, पोचला. नऊचे दहा झाले. हॅनिगननी टोपी जमिनीवर आपटली. "चुकलं, कोच," पोरगा म्हणाला. धाव काढल्याबद्दल माफी मागितलेली त्या मैदानानं प्रथमच ऐकली.

उरलेले दोघे एकदाचे आउट झाले आणि पाइन फोर्कचा पिचर वेस्ली चेंडू टाकायला आला. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. त्याच्या उजव्या कोपरात एक सामना शिल्लक आहे, फार तर एक, असं डॉक्टरनं बजावलं होतं. तो एक त्यानं आजच्यासाठी ठेवला होता. आज जिंकलं की संघ राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. तिथं पाइन फोर्कचं आजवर कुणी गेलं नव्हतं, बघायलासुद्धा.

वेस्लीनं दोन गडी झटक्यात उडवले. चेंडू सोडला की तो डोळे मिटायचा, इतकंच. तिसरा आला ट्रिप, सेंट ओडोचा कप्तान. दोन चेंडू हुकले. आता एकच. ट्रिप बाजूला झाला, बुटाची नाडी बांधली. दुसऱ्या बुटाची बांधली. मग हातमोजे काढले, घातले. मग गुडघ्यांवर बसून गवत चाचपू लागला.

"लेन्स पडली," तो पंचांना म्हणाला.

सेंट ओडोचा अख्खा संघ मदतीला धावला. पंचही वाकले.

"लेन्स कधीपासून लावायला लागलास रे?" पाइन फोर्कचा कॅचर रेमी ओरडला.

"पाचव्या डावापासून," ट्रिप मान वर न करता म्हणाला.

"ऊठ, भामट्या!" रेमीची आई कुंपणाला लटकून किंचाळली. तोंडातल्या सूर्यफुलाच्या बिया जाळीतून आत उडाल्या. "ऊठ, नाहीतर मी येऊन शोधते तुझे डोळे!"

तेवढ्यात भोंगा वाजला. वीज चमकली होती. सगळे मैदानाबाहेर.

वीज चमकली की अर्धा तास थांबायचं. पुन्हा चमकली की अर्धा तास पहिल्यापासून. मैदानावर थेंब पडला नाही. वादळ शेजारच्या तालुक्यावर गेलं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं. इकडे लख्ख ऊन पडलं. स्पर्धेचे संचालक लोमॅक्स मोबाइलकडे बघत बसले होते.

"साहेब, वर बघा ना एकदा," हॅनिगन म्हणाले. "ऊन आहे, ऊन!"

"ॲपमध्ये वीज आहे."

"किती लांब?"

"सात मैल."

"मग त्या सात मैलांवरच्यांना थांबवा! आम्हाला एक चेंडू टाकू द्या. एक! पोराचा हात गार पडतोय."

"मला उन्हाचा अधिकार नाही," लोमॅक्स म्हणाले.

सात वाजले. लोमॅक्सनी माइकवर जाहीर केलं की आज अंतिम सामना होऊ शकला नाही, सबब सेंट ओडो विजेते. ट्रिपनं चषक घेतला. त्यावरची बारीक अक्षरं त्यानं लांबूनच वाचली, लेन्सशिवाय. पाइन फोर्कच्या बाकावरून कुणीतरी हेल्मेट फेकलं. मग सगळ्यांनीच फेकली.

"कोणत्याही संघास काही निवेदन करायचं असल्यास समिती ऐकून घेईल," लोमॅक्स म्हणाले. ते दरवर्षी तसं म्हणतात, म्हणायचं असतं म्हणून.

वेस्ली उठला. उजवा हात वर जाईना, म्हणून त्यानं माइक डाव्या हातात ओढून घेतला. कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. आवाज मात्र अगदी सरकारी होता.

"समितीस कळविण्यात येते की, सदर सामना झालेलाच नसल्यामुळे त्यात मी टाकलेले सर्व चेंडू माझ्या उजव्या कोपरात परत जमा करण्यात यावेत, ही नम्र विनंती."