कानाला काय म्हणतात

"नाकाला काय म्हणायचं?" सोपानरावांनी विचारलं.

"न्योस," पाच वर्षांचा मिलन म्हणाला.

"आन् कानाला?"

"ओर."

"आन् प्वाटाला?"

"बाउक!" मिलनने शर्ट वर करून पोटावर थाप मारली. ओसरीवरची माणसं खळखळून हसली.

वैष्णवी नवऱ्याला आणि मुलाला घेऊन नेदरलँड्सहून माहेरी, कासुर्डीला आली होती. त्यासाठी आज भावकीला जेवण होतं. पानं मांडायच्या आधी सोपानराव नातवाची भाषा सगळ्यांना ऐकवत होते.

"डच म्हंत्यात हिला," ते शेजारी बसलेल्या मच्छिंद्रआप्पांना म्हणाले. "लय अवघड. पण पोरगं बघा, कसं फाडफाड बोलतंय. डच हाय, इंग्रजी हाय, आईची मराठी हाय. मीबी शिकलोय थोडी. सकाळी उठल्या उठल्या जावयाला म्हंतो, खुदे मॉर्खन."

जावई येरून मांडी घालून बसायची खटपट करत होता. बायकोकडून शिकलेली मराठी त्याला थोडीफार येत होती. त्याची नजर समोरच्या इराकडे गेली. इरा चार वर्षांची, वैष्णवीच्या भावाची, पृथ्वीराजची मुलगी. ती आजीच्या, सारजाबाईंच्या मांडीवर बसून मिलनकडे टक लावून पाहत होती. तिची आई सुतपा बर्धमानची. रांजणगावच्या कंपनीत नोकरीला आली, तिथंच पृथ्वीराजशी ओळख झाली आणि ती या घरची सून झाली.

"इरा," येरून शब्द जुळवत म्हणाला, "तुज्या आईची भाषा... बंगाली... कान काय?"

इराने आधी आजोबांकडे पाहिलं.

"मला न्हाई येत," ती म्हणाली. "ते आपल्या घरात बोलायचं न्हाई. आबा रागावत्यात."

पृथ्वीराज वाकून सतरंजीची सुरकुती काढू लागला.

"तसं न्हाई ओ," सोपानराव हसत म्हणाले. "ल्हान पोराला एकच भाषा नीट यावी, म्हणून. दोन-दोन शिकवल्या की घोळ व्हतो डोक्यात."

कुणी मान डोलावली नाही. सुतपा पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"वहिनी, तुम्हीच सांगा ना," वैष्णवी म्हणाली.

सुतपाने सासूकडे पाहिलं.

"सांग की गं," सारजाबाई म्हणाल्या. "त्यात काय हाय."

"कान," सुतपा म्हणाली.

"मराठी नव्हं ओ," मच्छिंद्रआप्पा म्हणाले. "तुमच्यात काय म्हंत्यात, ते सांगा."

"आमच्यात कानच म्हणतात."

"आन् नाकाला?"

"नाक."

"हाताला?"

"हात."

"गालाला?"

"गाल."

"जिभेला?" आता सोपानरावांनीच विचारलं.

"जीभ."

मच्छिंद्रआप्पांनी मांडीवर थाप मारली. "सोपानराव, ही तर आपलीच बोली की! आन् हिच्यावर बंदी घातली व्हय तुम्ही?"

सगळे हसले, तसे सोपानरावही मोकळे झाले. "मग आधी सांगायचं न्हाई का, सूनबाई? येवढं सारखं हाय, ते मला काय ठावं? आता बोला की. बिनघोर बोला, कुणी काय म्हणायचं न्हाई."

त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. काहीतरी मोठं देऊन टाकल्यासारखं.

सुतपाने तांब्या खाली ठेवला. तिचा आवाज जराही चढला नाही.

"आणि सारखं नसतं तर, आबा?"

समोर मिलन अजून शर्ट वर धरून पोट दाखवत उभा होता. सोपानरावांची नजर त्याच्यावर गेली आणि तिथंच अडकली.

"चला, पानं घ्या," सारजाबाई उठत म्हणाल्या. "माणसं उपाशी बसलीत."

जेवणं झाली. सोपानरावांनी नेहमीसारखा कुणाला आग्रह केला नाही. भावकी पांगली, वैष्णवी आणि येरून मिलनला घेऊन मळ्याकडे गेले. सोपानराव अंगणात लिंबाखालच्या बाजेवर येऊन बसले. स्वयंपाकघरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

इरा अंगणात एकटीच खेळत होती. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि धोतरावरून गुडघ्यावर हात ठेवला.

"आईला इचारून ये," ते म्हणाले. "तिच्या भाषेत याला काय म्हंत्यात?"

इरा जागची हलली नाही. तिने गुडघ्याकडे पाहिलं, मग आजोबांच्या तोंडाकडे.

"रागावणार न्हाई?"

"न्हाई."

"हाँटु," ती म्हणाली.

सोपानराव तिच्याकडे बघत राहिले. "तुला येतंय व्हय?"

इराने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. दाराच्या फटीत सुतपाच्या साडीचा काठ दिसत होता. ना ती बाहेर आली, ना मागे सरली.

सोपानरावांनी दाराकडे पाहिलं. मग त्यांनी इराचे हात हळूच तिच्या तोंडावरून बाजूला केले.

"हाटू," ते म्हणाले.

"तसं न्हाई, आबा. नाकातनं म्हणायचं."

"हान्टू."

इराने मान हलवली.

"न्हाई," ती म्हणाली. "परत."