दिवसाचा किस्सा

"दिवसा किस्सा सांगू नको, मुसाफिर वाट चुकते," बिस्मिल्ला आपल्या धाकट्या जावेला, ताहेराला, म्हणाली. दोघी देऊळघाट गावातल्या आपल्या घराच्या अंगणात कापसातली सरकी काढत बसल्या होत्या.

ताहेराचा नवरा शकूर आज शेगावहून पायी परत येणार होता, तरी ती हटली नाही. "मी काऊन थांबू? आइक. जादूगारानं हात फिरवला. ना ठिणगी उडाली, ना धूर निघाला. फक्त साऱ्या सावल्या वळल्या अन् उन्हाकडे पडल्या."

तेवढ्यात रस्त्यानं शकूर आला. त्यानं घराकडे परक्यासारखं पाहिलं आणि तो पुढे निघून गेला. थोड्या वेळानं पुन्हा तसाच येऊन पुन्हा गेला. त्याची सावली कलत्या सूर्याच्या दिशेनं पडली होती.

"बंद कर," बिस्मिल्ला पुटपुटली.

"अर्ध्यावर काऊन सोडू? त्याईले मीच वळवून आणीन." ताहेरानं आवाज चढवला. "मंग जादूगाराच्या बायकोनं सावल्यांले हुकूम केला, घरी चला."

शकूरची सावली अंगणाच्या दाराचा उंबरा ओलांडून आत आली. तिच्यामागं माणूस नव्हता.

ताहेरानं चटई पुढे सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "किस्सा अजून संपला नाई."