बिननोंदीची फळी

उपडा ठेवलेला चहाचा कप. शिक्क्याची वाळलेली गादी. शेवटच्या कपाटामागे एक निळी रिबन, न हलणारी. कुरकुरणारा पंखा. एका बापाच्या मुठीतला मोबाइल.

बापानं तो ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर आपटला नाही, हळूच ठेवला. शाळेच्या वाचनालयातून आलेला संदेश होता: आपल्या पाल्याने आज शोधलेला विषय, घरात मारहाण होत असल्यास कुठे सांगावे.

संगणक असे संदेश आपोआप घरी धाडतो, हे बाईंना आत्ता कळत होतं.

"माझी मुलगी कुठंय?"

वर्गात असेल, बाई म्हणाल्या. कपाटामागची रिबन आणखी खाली गेली.

आता संगणक होते तिथं पूर्वी एक फळी होती. तिच्यावरची पुस्तकं बाई नोंद न करता देत. मुली ती ओढणीखाली घालून नेत, आणि नेमक्या तेव्हाच बाईंना खिडकीबाहेर काहीतरी दिसे.

"ते तिनं नाही, मी शोधलं," बाई म्हणाल्या. "तिचं खातं उघडं राहिलं होतं."

बाप हसला. "तुम्हाला कोण मारतं, बाई?"

दारात शिपाई कागदांचा गठ्ठा घेऊन उभा होता. त्याच्या कानावर पडलेलं मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर होई. बाईंचा नवरा सगळ्यांना ठाऊक होता. मुंगीलाही वाट देणारा, बाई चष्मा विसरल्या की धापा टाकत आणून देणारा.

"नवरा," बाई म्हणाल्या.

गठ्ठा शिपायाच्या हातून घसरला. बापानं मोबाइल खिशात टाकला. त्याचा आवाज मऊ झाला होता.

"असं बाहेर सांगत सुटू नये, बाई. घरातलं घरात मिटवावं."

त्याची पावलं जिन्यावर विरेपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत. शिपायाला त्यांनी दार बाहेरून ओढून घ्यायला सांगितलं. मग कपाटाकडे न बघता मुलीच्या संगणकासमोर जाऊन बसल्या. तिनं शोधलेला मदतीचा नंबर पडद्यावर तसाच होता. बाईंनी फोन लावला.

सकाळी, याच खुर्चीत बसण्याआधी, मुलीनं विचारलं होतं, हे घरी कळत नाही ना. बाई म्हणाल्या होत्या, नाही.